शिडीवर हात घ्यायचा नसतो

पायलट म्हटलं की लोक आधी वर बघतात. आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या बाईंनी विचारलं होतं, "मिस्टर कुठल्या एअरलाइनला?" मी म्हटलं, पाण्यातल्या. माझा नवरा बंदराचा पायलट आहे. कुठल्या बंदराचा ते सांगत नाही, सांगितलं तर तो घर डोक्यावर घेईल. लांबून आलेलं जहाज बंदराच्या तोंडाशी येतं, पण आत कुठे गाळ साचलाय, कुठे खडक आहे, भरतीचं पाणी कुठे ओढतं, हे त्याच्या कप्तानाला ठाऊक नसतं. मग एक लहानशी लाँच माझ्या नवऱ्याला घेऊन जाते, चालत्या जहाजाला चिकटते, आणि जहाजावरून सोडलेल्या दोराच्या शिडीने हा वर चढतो. तिथून पुढे जहाज धक्क्याला लावायचं काम त्याचं. त्या कामाची मला कधी भीती वाटली नाही. मला भीती त्या शिडीची.

जहाज आत आणायचं असलं की वर पोचल्यावर त्याचा मेसेज येतो, "चढलो". बाहेर सोडून यायचं असलं की शिडीने खाली लाँचमध्ये आल्यावर येतो, "उतरलो". बाकी काही नाही, एकच शब्द. त्या एका शब्दाची वाट बघताना मी किती आमट्या करपवल्या याला गणती नाही. मुलुंडला, खाडीच्या बाजूला आमचं घर आहे. गॅलरीतून मिठागरं दिसतात, पुढे खाडीवरचा पूल दिसतो. वारा सुटला की मी गॅलरीचं दार लावून घेते. वारा बंद केला म्हणजे समुद्रही शांत होतो, असं माझं एक खुळं गणित आहे.

शिडीचा एक नियम मला लग्नानंतर लगेच शिकायला मिळाला. तेव्हा तो पायलट नव्हता, मोठ्या जहाजांवर नोकरीला होता. सुट्टीवर आला असताना आम्ही वर्सोव्याहून मढला जायला निघालो होतो. फेरीबोटीत मी आधी चढले, वळले आणि नव्या नवरीच्या उत्साहाने त्याच्यापुढे हात केला. त्याने त्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. बोटीची कड धरली आणि आला वर. शेजारी टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी एकमेकींकडे बघून हसल्या. मढ येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

"अगं, चढताना वरून कोणी हात दिला तर घ्यायचा नसतो," तो नंतर समजावत होता. "देणारा मायेनेच देतो. पण त्याचा तोल गेला की तो तुझ्या अंगावर, आणि दोघं पाण्यात. दोर धरायचा, खांब धरायचा, माणूस धरायचा नाही."

मला ते पटलं. पण राग काही पुरता गेला नाही, आणि जाईल असं वाटतही नाही. या माणसाने त्यानंतर कुठेच माझा हात घेतला नाही, ना गडाच्या पायऱ्यांवर, ना बसमधून उतरताना. मी पुढे केलेला हात तसाच राहायचा आणि मी तो उगाच केस सारखे करण्याच्या कामी लावायचे.

पुढे तो पायलट झाला, त्याच्या हाताखाली शिकाऊ पायलट आले, आणि त्यांनाही त्याने हाच पाठ दिला. त्यातला एकजण आमच्या घरी नेहमी यायचा. मला वहिनी म्हणायचा आणि माझ्या हातचं कोलंबीचं लोणचं हक्काने डबा भरून न्यायचा. शिकत असताना एकदा त्याने वरच्या खलाशाने दिलेला हात घेतला होता. माझ्या नवऱ्याने त्याला डेकवरून परत सगळी शिडी उतरायला लावली आणि पुन्हा चढायला लावली. "सरांनी तेव्हा वाट लावली माझी, वहिनी," असं तो लोणच्याचा डबा कुशीत धरून सांगायचा. नवरा तेव्हा पेपरात डोकं घालून बसायचा, पण त्याचे कान इकडेच असायचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास नवरा शर्ट घालताना डावी बाही आधी चढवायला लागला. इतकी वर्षं मी त्याला उजवी आधी चढवताना बघत आले होते. बायकोच्या नजरेतून अशा गोष्टी सुटत नाहीत. विचारलं तर म्हणाला, "झोपेत खांदा अवघडला असेल." मग माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला मला बोलावू लागला, ज्या माळ्यापर्यंत माझा हात स्टुलाशिवाय पोचत नाही. मग गाडी चालवणं सोडलं. म्हणे ट्रॅफिकचा वीट आला. गियर डाव्या हाताने टाकावा लागतो हे मला कळत नसेल, असं त्याला वाटलं असावं. मी गाडी चालवायची आणि तो शेजारी बसायचा. सीटबेल्ट ओढायला त्याला उजवा हात छातीवरून पार पलीकडे न्यावा लागायचा, वेडंवाकडं व्हावं लागायचं, पण मी लावून द्यायला वाकले की माझा हात बाजूला सारायचा.

"मुलुंड वेस्टला चांगली फिजिओ आहे. चल दाखवून येऊ," मी म्हटलं.

"माका काय झाला नाय."

आम्ही दोघं एकाच कॉलेजातले, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अरेतुरे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खुपलं. घरात आम्ही साधं मुंबईचं मराठी बोलतो, पण हा कोंडीत सापडला की त्याची मालवणी सुटते. ती त्या दिवशी सुटली. हा खांदा घेऊन तो चालत्या जहाजावर चढतोय, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं. मेसेज मात्र येत राहिले. "चढलो". "उतरलो". मी देवाला हात जोडायचे आणि लगेच पुढच्या खेपेची काळजी सुरू करायचे.

नेमक्या त्याच काळात परवान्याचं ते प्रकरण सुरू झालं. आधी पायलटचा परवाना बंदरच द्यायचं. दर काही वर्षांनी बंदराचा डॉक्टर तपासायचा. डोळे बघितले, ब्लडप्रेशर बघितलं, सही ठोकली. पायलट आधीच कमी आणि जहाजं रांगेत उभी, मग नापास कोण करणार? असं चाललं होतं. मग दुसऱ्याच एका किनाऱ्यावर एक पायलट शिडीवरून पडला आणि गेला. वयाने याच्याच बरोबरीचा. त्याचे गुडघे गेले होते, हे म्हणे तिथे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर ठरलं की परवान्याचं काम बंदराकडून काढून एका वेगळ्या मंडळाकडे द्यायचं. मंडळ आपले तपासनीस नेमणार, आणि मुदत संपल्यावर परवाना नव्याने घेणाऱ्याने यापुढे शिडी चढून दाखवायची. मंडळाला ना सरकार पैसे देणार, ना बंदर. सगळा खर्च पायलटांच्या परवाना फीमधून. त्यासाठी फी चांगलीच वाढवली.

पायलट मंडळी खवळली. एका रविवारी आमच्याच घरी त्यांची सभा भरली. मी चहा आणि घावणे करत होते, पण ऐकत होते.

"म्हणजे आपणच पैसे द्यायचे आणि आपल्यालाच नापास करायचं?" माझा नवरा सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. "आमच्याच पैशाने आमच्या मानेवर सुरी?"

"उलट बरं आहे ना," दुसरा एक म्हणाला. "आपण पैसे देणार म्हणजे ते आपले नोकर. मालकाला कोण नापास करतो?"

सगळे हसले. मला राहवलं नाही. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे आणि या विषयातलं मला जरा जास्तच कळतं. मी घावण्यांचं ताट ठेवत त्यांना आमच्या वॉचमनची गोष्ट सांगितली. स्टिकर नसलेली गाडी आत सोडायची नाही, असा आम्ही नियम केला. वॉचमनने पहिल्याच आठवड्यात आमच्या एका बड्या मेंबरची गाडी अडवली. मेंबर काच खाली करून म्हणाला, "तुझा पगार कोण देतो रे?" त्या दिवसापासून वॉचमन फक्त कुरिअरवाल्यांना अडवतो. मेंबरने कोणालाही आत आणावं, हा सलाम ठोकतो.

"पगार तुम्ही द्याल हो," मी म्हटलं, "पण तो देऊन झाला की तुमचं तोंड बंद ठेवता येईल का, हे बघा."

पुन्हा सगळे हसले. नवरा नाही हसला, तो माझ्याकडे रागाने बघत होता. आणि तो लोणचंवाला, जो आता स्वतः पुरता पायलट झाला होता, तोही हसला नाही. त्याने घावण्याचा तुकडा तसाच हातात धरला होता.

त्या दिवसापासून मला दोन भीत्या लागल्या आणि दोन्ही एकमेकींच्या उलट होत्या. हा नापास झाला तर? मग समुद्र सुटला. बंदरात कुठेतरी खुर्ची देतील, पण हा माणूस खुर्चीत बसून कुजेल, आणि त्याचं ते कुजणं मला रोज समोर दिसेल. पण पास झाला तर? पास झाला तर हाच खांदा, हीच शिडी, आणि वर "परीक्षेतसुद्धा पास झालो" हे तोंड बंद करणारं उत्तर. मंडळ चालतं फीवर. पायलट कमी झाले तर फी कमी होणार. मग ते कशाला कोणाला नापास करतील? बंदराचा डॉक्टर ज्या कारणाने सही ठोकत होता, तेच कारण कपडे बदलून परत आलंय, असं माझं डोकं मला सांगत होतं. खरं सांगायचं तर मला तो नापास व्हायला हवा होता. रोज दिवा लावताना मी तेच मागत होते, आणि मागून झालं की माझी मलाच चीड यायची.

त्याच्या परवान्याची मुदत संपत आली. सभेत गर्जना करणारा हा वाघ एका सकाळी माझ्यासमोर कार्ड ठेवून म्हणाला, "फी भर ना जरा. माझं त्या वेबसाइटशी पटत नाही." मी भरली. ओटीपी टाकला आणि मनात म्हटलं, एवढे पैसे घेताय, तर आता नीट बघा.

चाचणीचं पत्र आलं आणि मंडळाने तपासनीस म्हणून कोणाला नेमलंय ते कळलं. पायलटांमधूनच काहींना घेतलं होतं, आणि आमच्या वाट्याला नेमका लोणचंवाला आला होता. नवऱ्याचा चेहरा उजळला. "अरे, आपलाच पोरगा!" त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवला. मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. जो सरांसमोर अजून उभ्यानेच बोलतो, तो सरांना नापास करणार? मी दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर काढून बसले. खांद्याचं त्याला सांगून टाकावं, एवढंच. पण बायकोनेच नवऱ्याची चहाडी करायची? फोन तसाच उशीवर टाकला आणि भाजी आणायला बाहेर पडले.

चाचणी मरोळला होती. तिथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका उंच गाळ्यात जहाजावरच्या लोकांना शिकवण्याचं केंद्र आहे. पवईला गाडी नेहमीप्रमाणे अडकली. नवरा शेजारी सीटबेल्टशी झटापट करून बसलेला, नवाकोरा पांढरा शर्ट, अंगाला मलमाचा वास. वास दबावा म्हणून वर सेंट मारलं होतं, त्यामुळे दोन्ही वास येत होते. तो मेट्रोच्या खांबांकडे बघत राहिला.

गाळ्यात एका बाजूला लोखंडी पत्र्याची उंच भिंत उभी केली होती, जहाजाची कूस असते तशी. खाली पाण्याचा हौद, वर डेकसारखं फळकूट, आणि वरून खाली सोडलेली दोराची शिडी. इतकी वर्षं मी या शिडीला भीत आले होते आणि बघत होते पहिल्यांदाच. मला वाटलं होतं त्यापेक्षा ती फारच साधी निघाली. दोन दोर आणि मधे लाकडाच्या पायऱ्या. बाजूच्या गाळ्यात कसलंसं मशीन धडधडत होतं. मला जाळीच्या अलीकडे एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

लोणचंवाला आला. माझ्या पाया पडला. नवऱ्याच्याही पडायला वाकला, तेव्हा नवरा म्हणाला, "आज नको रे. आज तू तपासनीस." तो कसनुसा हसला आणि वर फळकुटावर जाऊन उभा राहिला. इथे चढणाऱ्याच्या कमरेला सुरक्षेचा दोर बांधतात. समुद्रात तो नसतो.

नवरा चढायला लागला. सुरुवात झकास झाली. उजवा हात वर, पाय वर, उजवा हात वर, पाय वर. डावा हात त्याने शिडीला नुसता मिठीसारखा लावून ठेवला होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सवय आहे या माणसाला. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसले होते. पोचला तो, अगदी वरपर्यंत पोचला.

पण शिडीच्या टोकाला खरी मेख असते, हे मला तेव्हा कळलं. तिथे डेकवर दोन बाजूंना दोन खांब असतात. दोन्ही हातांनी दोन्ही खांब धरायचे आणि मधून आत जायचं. उजव्या हाताने उजवा खांब धरला. डावा हात उचलला, तो छातीपर्यंत आला, आणि थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा थांबला. शिडी किंचित फिरली आणि तो एका हातावर लटकल्यासारखा एका बाजूला कलला. त्याच्या पाठीवर शर्ट घामाने चिकटलेला मला खालून दिसत होता. मी उभी राहिले.

आणि लोणचंवाल्याने वाकून हात दिला.

मी त्या हाताकडे बघत होते. नवराही बघत होता. वर्सोव्याला त्याने माझ्या हाताकडे बघितलं नव्हतं, या हाताकडे मात्र तो टक लावून बघत होता. मग त्याने खांब सोडला आणि तो हात धरला.

वर ओढून घेतल्यावर त्याने सरांच्या कमरेचा दोर सोडला. मग लोणचंवाल्याचा आवाज आला. पत्र्याच्या गाळ्यात आवाज घुमतो, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"झालं सर. पास."

"कसला पास? हात घेतला मी."

"सर, इथे कमरेला दोर होता. इथे चालतं."

"मी तुला चालवून घेतलं होतं का रे?"

"नाही, सर."

"मग हात का दिलास?"

"राहवलं नाही, सर." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "तुम्ही आहात म्हणून..."

"मी आहे म्हणूनच सांगतो. तुमच्या मंडळाने माझ्याकडून फी कशाला घेतली? हात द्यायला? हात द्यायला माणसं मला फुकट मिळतात. फी घेतलीय ती बघायला. काय बघितलंस ते लिही."

किती महिने मी हेच मागत होते. आणि आता ते समोर आलं तर मला त्या पोराचाच राग आला. त्या मंडळाचाही आला. मला ओरडावंसं वाटलं, अरे, कर ना पास, कोण बघतंय? डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी ते पदराने पुसत राहिले. भीती जाईल असं मला वाटलं होतं. ती गेली नाही. ती तशीच बसून होती, फक्त शिडी सोडून घरी यायला निघाली होती.

नवरा मागच्या जिन्याने खाली आला. लोणचंवाला त्याच्या मागोमाग आला, माझ्याकडे न बघता टेबलाशी बसला आणि लिहायला लागला. त्याने काय लिहिलं ते आम्ही वाचायला थांबलो नाही. आम्ही गाडीकडे गेलो. ऊन तापलं होतं, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. मी काचा खाली केल्या.

"नापास झाल्यावर फी परत मिळत नाही ना गं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. तसं भरतानाच लिहिलं होतं."

"बरं आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने स्वतःशीच पुन्हा म्हणाला, "बरां आसा ता."

मी किल्ली फिरवली. त्याने बेल्टसाठी उजवा हात छातीवरून पलीकडे नेला. बेल्ट दोनदा सुटला. मी सवयीने वाकले आणि सवयीनेच मधे थांबले.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "लाव ना."

मी बेल्ट ओढून त्याच्या अंगावरून आणला आणि खाली अडकवला. हात मागे घेणार, तर त्याने तो धरला. मागून एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आमच्यामुळे त्याला गाडी काढता येत नव्हती. नवऱ्याने हात सोडला नाही. मीही टेम्पोवाल्याला वाजवू दिलं.